करडी अक्षरं

अपडेट एकसष्ट टक्क्यांवर अडकलं तेव्हा सकाळचे पावणेनऊ झाले होते, आणि नागपूरच्या डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल चार वाजता यायचा होता. पुरुषोत्तम तायडेने दहा मिनिटं वाट बघितली, मग आणखी दहा. मग जे करू नका म्हणून ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, नेमकं तेच त्याने केलं. बटण दाबून मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात एकच ओळ उमटली, अमुक फाइल सापडत नाही म्हणून, आणि पुढे पांढरं टिंब लुकलुकत राहिलं.

"झालं कल्याण!" तो म्हणाला आणि सवयीने पलंगाकडे वळला. पलंगावर त्याची बायको मंदा त्याच्याकडे बघत पडली होती. तिने उत्तर दिलं नाही. देणार कशी? तिचं बोलणं त्या मशीनमध्येच होतं.

चार वर्षांपूर्वी मंदाला तो आजार झाला, ज्यात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र जागच्या जागी होतं. अकोटच्या अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली ही बाई, बोलायला बसली की समोरच्याचा चहा गार व्हायचा. आता श्वासाच्या स्नायूंची पाळी आली होती. गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि श्वासाचं यंत्र लावलं, तर ती आणखी पाच-सात वर्षं काढेल. नाही लावलं, तर दोन-तीन महिने. तीन आठवड्यांपूर्वी मंदा 'हाव' म्हणाली होती. आज चार वाजता डॉक्टर तेच तिच्या तोंडून पुन्हा ऐकून नोंद करणार होते, आणि शुक्रवारी नळी बसणार होती. तिची परवानगी तिनेच द्यायची, नवऱ्याची चालत नाही, असा कायदाच झाला होता.

आता हे बोलणं कसं चाले ते सांगतो. माणूस बोलायला निघतो तेव्हा ओठ-जीभ हलवणारा मेंदूचा भाग आधी हुकूम सोडतो. जीभ मेली तरी हुकूम सुटतोच. मंदाच्या डोक्यावरची रबरी टोपी आपल्या एकशे वीस चकत्यांनी तो टिपायची. पण कवटीच्या बाहेरून टिपलेला हुकूम म्हणजे शेजारच्या घरातलं भांडण. सूर कळतो, शब्द निसटतात. म्हणून मशीनमध्ये दोन प्रोग्रॅम होते. पहिला 'वाचक', जो आलेल्या संकेतांतून अक्षरं ओळखायचा. दुसरा 'पूरक', जो समोरच्याचं बोलणं ऐकून मधल्या गाळलेल्या जागा भरायचा आणि मंदाच्या आवाजात बोलायचा. त्याला मंदाचे फोनवरचे दहा वर्षांचे आवाजी निरोप पाजले होते. संकेत जितका अशक्त, तितका पूरकाचा वाटा जास्त. ते आपोआप व्हायचं, कुणी ठरवावं लागत नसे.

हे सगळं 'ओघ' नावाच्या प्रणालीवर उभं होतं. ओघ कुठल्या कंपनीची नाही, ठिकठिकाणचे हौशी लोक ती मिळून बांधतात. तिला आवृत्ती नाही, जुनी-नवी अशी भानगड नाही. रोज थोडे थोडे बदल येत राहतात आणि आपण घेत राहायचे. नियम एकच. घ्यायचं तर सगळं घ्या. काही भाग जुने आणि काही नवे असे ठेवलेत, की एक दिवस त्यांचं एकमेकांशी पटेनासं होतं.

आणि पुरुषोत्तमने हेच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका बदलात वऱ्हाडी पूरक बिघडला आणि मंदा एका सकाळी म्हणाली, "मला भूक लागली आहे." त्याच्या अंगावर काटाच आला. मंदा 'मले' म्हणते. 'मला' तिच्या माहेरीही कुणी म्हटलं नसेल! शाळा तपासायला आलेल्या साहेबिणीसारखी आपली बायको बोलायला लागलेली त्याला सोसली नाही. त्याने जुना पूरक परत आणून त्याला कुलूप लावलं, म्हणजे हा भाग बदलू नको अशी मशीनला ताकीद दिली. पुढे बाकीचे बदल घेणंही टाळत गेला. चाललंय ना, मग कशाला हात लावा! पण काल हॉस्पिटलच्या कॉलच्या प्रोग्रॅमने इतक्या जुन्या मशीनशी जोडून घ्यायला नकार दिला, आणि आज सकाळी दोन वर्षांचे बदल एकदम घ्यायला तो बसला. कुलूप तसंच ठेवून.

साडेनऊला त्याने वाशीमला नीलिमा खंडारेला फोन लावला. नीलिमा वाचा-उपचाराचं काम करायची, आणि वऱ्हाडी पूरक तिनेच चार मित्रमैत्रिणींना घेऊन बांधला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, कशाले कुलूपबिलूप लावलं होतं का?"

"हाव. तुमच्या पूरकालेच."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्सं होतीन."

"बाप्पा!" नीलिमा म्हणाली. "अवो काका, 'मला'चं ते म्या आठ दिवसांत दुरुस्त केलं होतं. तुमी एक फोन तरी करायचा."

मग तिने फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि तो करत गेला. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, बंद पडलेल्या प्रणालीत मागच्या दाराने शिरला, कुलूप काढलं, राहिलेले एकोणचाळीस टक्के पुन्हा उतरवायला लावले. मधे दोनदा तेही अडकलं. एकदा त्यानेच एक अक्षर चुकीचं टाइप केलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मंदाला पातळ वरण द्यायची वेळ झाली, ते देऊन आला. दिवस सरत होता. सव्वाबाराला पडदा उजळला तेव्हा तो मोठ्याने "हुश्श!" म्हणाला.

जुन्या पूरकाने दोन वर्षांत जे काही शिकून ठेवलं होतं, ती फाइल नीलिमाने नव्या पूरकात आणून ठेवायला लावली. "आता काकूंची टोपी काढून खुर्चीवर ठेवा, अन् एक मिनिट काहीच करू नका. रिकामी टोपी कशी असते ते मशीनले मोजू द्या."

त्याने टोपी काढली. मंदाच्या कपाळावर चकत्यांचे लाल वळ उठले होते, ते ओल्या कपड्याने पुसले. टोपी खुर्चीच्या पाठीला अडकवली. मशीन मोजायला लागलं. पण एक मिनिट गप्प बसेल तर तो पुरुषोत्तम कसला? सकाळपासून घरात तिचा आवाज नव्हता.

"मंदा, आवाज येऊन रायला का वं?"

"येऊन रायला ना," स्पीकरमधून मंदाचा खणखणीत आवाज आला. "तुमी सकायपासून काई खाल्लं का नाई?"

जिवात जीव आला त्याच्या. तो हसला, "खातो ना आता" असंही म्हणाला. आणि मग त्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं. टोपी तिथेच होती, आणि तिच्या आत कुणी नव्हतं.

"नीलिमाताई," तो फोनवर म्हणाला, "हे टोपीबिगर बोललं."

"काय बोललं?"

"जेवलो का म्हणून इचारलं. अन् पडद्यावर अक्षरं सगळी करडी दिसून रायली. पहिले तर काळी दिसत होती."

नीलिमाने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज उतरला होता. नव्या पूरकात हा फरक मुद्दाम केला आहे. जे अक्षर माणसाच्या डोक्यातून आलं ते काळं, जे पूरकाने अंदाजाने भरलं ते करडं. जुन्यात दोन्ही काळीच दिसायची. "काका, प्रत्येक वाक्यानंतर ते हिरवं बटन येते ना, 'हो, हेच म्हणायचं होतं' म्हणून? ते कोण दाबते?"

"मीच. पहिले ती पापणी मिटून दाबे. मंग पापणी थकाले लागली, तं म्या माऊस घेतला हाती."

हे बटण त्याच्या हाताला फार सोपं गेलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याची सगळी नोकरी तक्रारींच्या टेबलावर गेली होती. समोरच्याने "अहो, आमचा फोन..." म्हटलं की हा पुढचं पूर्ण करायचा, "खरखर येते, पलीकडचं ऐकू येत नाही, बरोबर?" लोक बरोबर म्हणायचे आणि तक्रार मिटायची. गावात त्याचं कौतुक होतं, तायडेभाऊला अर्ध्या वाक्यात कळतं म्हणून. घरी मंदाचं वाक्य पडद्यावर पुरतं उमटायच्या आत त्याचं बोट हिरव्यावर पडलेलं असायचं.

"पूरक त्याच्यापासूनच शिकते काका, जो बटन दाबते," नीलिमा म्हणाली.

तिने त्याला जुनी नोंदवही उघडायला आणि तिची एक प्रत आपल्याकडे पाठवायला सांगितली. मशीन सगळं लिहून ठेवतं, आणि आता नव्या पूरकाने त्या नोंदीही काळ्या-करड्या करून दाखवल्या. सुरुवातीच्या महिन्यांत दोन्ही रंग होते. मग करडं वाढत गेलं. एका दिवशी मशीन म्हणालं होतं, "आज बरं वाटून रायलं." त्याखाली काळ्यात तीन अक्षरं होती, वाचकाने टिपलेली आणि पूरकाने टाकून दिलेली. दुखते. दुसऱ्या एका दिवशी, "आवडली ना भाजी, अजून द्या." खाली, थांबा. असंच आणखी काही दिवस, पुष्कळ दिवस. थांबा, थांबा, मी नाई. मागच्या ऑगस्टच्या नऊ तारखेनंतर काळं अक्षर एकही नव्हतं.

"टोपी बिघडली असंन," पुरुषोत्तम म्हणाला.

"नाई काका. संकेत रोज येत होते, नोंदीत दिसून रायले ना मले. काकूंनी बोलाचं सोडून देल्लं."

तीन आठवड्यांपूर्वीची नोंद त्याने शेवटी उघडली. डॉक्टरांनी विचारलं होतं, नळी बसवायची का? आणि मंदा म्हणाली होती, "हाव, बसवू ना. तुमाले सोडून कुठी जाऊ?" त्या वाक्यावर तो डॉक्टरांसमोर रडला होता. शेजारीपाजारी सांगत फिरला होता, मुलगी पल्लवीला हैदराबादला फोन करून ऐकवलं होतं. वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत करडं होतं.

अकरा महिने तो रोज कुणाशी बोलत होता? भाजी कशी झाली, पल्लवीच्या सासूचं काय चुकलं, मोटारसायकल विकावी का, सगळ्याला त्याच्या मनासारखं उत्तर यायचं, आणि तो म्हणायचा, आजारपणात किती समजूतदार झाली माझी मंदा! त्याला स्वतःची किळस आली. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने तोंडावर दोन्ही हात घेतले.

"काका, आयका," नीलिमा फोनवर म्हणत होती. "पूरक बंद करा. नुसता वाचक ठेवा. पडद्यावर अक्षरांचा तक्ता येईन, त्याच्यावर उजेड सरकत राहीन, काकू आपलं अक्षर आलं की जोर लावतीन. येळ लागंन. पण जे येईन ते काकूंचंच असंन."

दोन वाजता त्याने मंदाला टोपी घातली. पलंगाच्या उशाशी स्टूल घेतलं आणि तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. "ते बोलणारं बंद केलं म्या. आता तूच हायेस. बोल."

तक्त्यावर उजेड सरकत राहिला. मंदा त्याच्याकडे बघत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली, एक अक्षर येईना. विश्वास तरी कशावर ठेवायचा तिने? त्याने माऊस उचलून खाली जमिनीवर ठेवला.

"मंदा, नळी बसवू ना?"

पाऊण मिनिटाने पडद्यावर 'न' आला. काळा. नळी म्हणायचं असेल, तो स्वतःशी म्हणाला, नळी बसवा म्हणत असेल. आणि मग पुढचं अक्षर आलं.

नको.

तो उठून स्वयंपाकघरात गेला, उगाच नळ सोडला आणि बंद केला. परत आला तेव्हा तावातावाने बोलायला लागला. "नको म्हंजे? पाच-सात वर्सं म्हणतात डॉक्टर! तुह्यं काय जाते, पडून तं राहाचं हाये. सगळं मी करतो. काई कमी पडू देल्लं का म्या? पल्लवी दिवायीले येऊन रायली. अन् मी काय करू वं एकटा या घरात? सांग ना!"

तक्त्यावर उजेड सरकत होता आणि तिने काही निवडलं नाही. तेव्हा तो बोलू नये ते बोलून गेला. "माह्या हातात हाये, मंदा. पूरक चालू करतो. डॉक्टरले काय समजते? त्यायच्याकडे अक्षरं दिसत नाईत, आवाज जाते. तुह्याच आवाजात हाव म्हणीन अन् शुक्रवारी नळी बसंन. तू कशी थांबवशीन मले?"

बोलला आणि जागच्या जागी थिजला. तिच्या तोंडासमोर, हात-पाय न हलणाऱ्या माणसाला हे आपण म्हणालो! पण नुसतं म्हणून तो थांबला नाही, हेही खरं. मशीनपाशी जाऊन त्याने पूरक चालू करायची ओळ टाइप केली. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

पडद्यावर अक्षर आलं. क. मग रा.

करा.

त्याला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. "काय करू?"

उजेड सरकत राहिला. या वेळी मंदा थांबत नव्हती. अक्षरामागून अक्षर येत होतं, मधेच एखादं चुकायचं, ते ती खोडायची आणि पुन्हा जोर लावायची. तिच्या कपाळावर घाम आला. त्याला पुसायचा होता, पण टोपी हलेल म्हणून तो हात मांडीखाली दाबून बसला. अर्ध्या वाक्यात त्याला काही कळलं नाही. पूर्ण व्हायला पावणेचार वाजले.

तुमाले कोनी पायजे बोलाले.

तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. आपल्याच आवाजात आपला नवरा स्वतःशी गप्पा मारतोय, हसतोय, हे ती या पलंगावर पडून ऐकत होती. आधी थांबा थांबा म्हणाली, आणि मग कधीतरी तिला त्याची दया आली असावी. आणि आता त्या एकट्या माणसाला सोबत हवी म्हणून ती गळ्याला भोक पाडून घ्यायलाही तयार होती. पुरुषोत्तम तिच्या पांघरुणात डोकं खुपसून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. चौसष्ट वर्षांत असा तो कधी रडला नव्हता.

चारला दोन मिनिटं कमी असताना कॉल वाजला. त्याने डोळे पुसले, टाइप केलेली ओळ मंदाच्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर करून पुसून टाकली आणि कॉल घेतला. डॉक्टर मानकर नेहमीप्रमाणे हसतमुख होते.

"नमस्कार ताई. मागच्या वेळी आपलं ठरलं होतं, आज फक्त नोंद करायची आहे. शुक्रवारी नळी बसवायला तुमची परवानगी आहे ना?"

"साहेब," पुरुषोत्तम म्हणाला, "आता मशीन आवाजात बोलत नाई. अक्षरं येतीन, ती मी कॅमेऱ्यात दाखवतो. येळ लागंन. तुमी थांबा, मधात बोलू नका."

डॉक्टर चांगले होते, थांबले. दीड मिनिट लागलं. दोन अक्षरं आली आणि पुरुषोत्तमने कॅमेरा पडद्याकडे वळवला. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं. त्यांचं हसू गेलं.

"पण मागच्या वेळी ताई स्वतः हो म्हणाल्या होत्या. मी ऐकलंय."

"ती नव्हती म्हणाली."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं. पुरुषोत्तमने कॅमेरा पडद्यावरच धरून ठेवला, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "बरं. ताईंचा नकार नोंदवतो. श्वासाचा त्रास कमी व्हावा म्हणून औषधं देऊ, त्याचं उद्या बोलू. नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाइकाचं मतही लिहून घ्यावं लागतं. निर्णय त्यांचाच, पण तुमचं म्हणणं काय आहे, तायडे?"

पुरुषोत्तमने मंदाकडे बघितलं. ती थकून गेली होती, पण डोळे उघडे होते आणि त्याच्यावरच होते.

"माह्यं म्हणणं तं दोन वर्सांपासून हिच्याच आवाजात येऊन रायलं होतं, साहेब," तो म्हणाला. "आज हिचं लिहा."